सी तिजानींचा डावा कान

“राज्यं येतील, राज्यं जातील, पण माणसाची खरी नोंद त्याच्या कानावरच राहील!” सी तिजानींनी खुर्चीवरून उठून जाहीर केलं आणि पुदिन्याच्या चहाचा पेला असा उंच धरला, जणू समोर हजारभर माणसं बसली आहेत. समोर आम्ही चौघं होतो. त्यातला एक झोपला होता.

“तिजानी,” चहावाला हम्मा म्हणाला, “तुझ्या डाव्या कानावर मुंगी चढलीय.”

सी तिजानींनी कानावरचा जाईचा तुरा उतरवला, मुंगीला फुंकर घातली, तुरा पुन्हा होता तिथं खोचला आणि ते खाली बसले. मुंगीचं कुणालाच काही वाटलं नाही. डाव्याचं वाटलं. बशीरच्या हातात चौकटची सत्ती होती. आमच्या पत्त्यांच्या डावात त्याहून मोठं पान नाही. ती तो टाकायची विसरला. जो झोपला होता तो जागा झाला.

आमच्या गावात उन्हाळाभर पुरुष कानावर जाईचा तुरा खोचून हिंडतात. आम्ही त्याला मशमूम म्हणतो. दुपारी मिटलेल्या कळ्या खुडायच्या, एकेक कळी वाळक्या गवताच्या काडीवर चढवायची, सगळ्या काड्या एकत्र धरून सुती दोऱ्यानं बांधायच्या आणि ओल्या अंजिराच्या पानात गुंडाळून ठेवायच्या. संध्याकाळी माणूस घराबाहेर पडतो तेव्हा कानावर कळ्या फुटत असतात. तुरा उजव्या कानावर असला तर या घोड्याला मालक आहे असं समजावं. डाव्यावर असला तर घोडा अजून बाजारात आहे. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. पलीकडच्या गावात म्हणे याच्या उलट समजतात. म्हणूनच तिथली लग्नं तशी होतात.

आणि सी तिजानी म्हणजे उजव्या कानाचा माणूस. चौतीस वर्षं ते नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे बसले. नावाआधीचा ‘सी’ हा मान त्यांना त्या खिडकीनं मिळवून दिला. त्यांची दौत उघडेपर्यंत गावात कुणी जन्मत नसे आणि त्यांचा शिक्का पडेपर्यंत कुणी मरत नसे. एकदा त्यांना सर्दी झाली तर तीन माणसं आठवडाभर जास्त जगली. खिडकीत कुठलाही कागद सरकवला की ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, “पावसानंतर या, इन्शाल्ला.” आमच्याकडे मेपासून सप्टेंबराच्या शेवटापर्यंत पाण्याचा थेंब पडत नाही. मेमध्ये जन्मलेली पोरं दाखला मिळेपर्यंत रांगायला लागलेली असत.

बायको सालहा पाच वर्षांपूर्वी गेली. तिच्या मृत्यूची नोंद करायला खिडकीत नवा पोरगा होता. त्यानं पाच मिनिटांत केली. सी तिजानींना ते फार लागलं. “एवढी घाई?” ते त्याला म्हणाले. चाळीस दिवस ते अंगणात बसून राहिले. अंगणाच्या भिंतीवर सालहानं लावलेली जाई होती, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात मोगरा होता, आपलीआपण उगवणारी गुलबास होती. त्यांना अंडं उकडता येत नव्हतं, पण तुरा बांधता येत होता. एकेचाळिसाव्या दिवशी तुरा बांधून, उजव्या कानावर खोचून ते चहाला आले. हम्मानं चहा पुढे सरकवला. दफ्तरात विधुर आणि कानावर विवाहित. चौतीस वर्षांच्या प्रामाणिक नोकरीनंतर त्यांनी केलेली ही एकमेव खोटी नोंद. गावातल्या सासवा जावयांना त्या कानाचा दाखला देत.

तो कान रिकामा झाला होता. आणि का झाला, ते गावाला ठाऊक नव्हतं.

कारण साधं होतं. दोन वर्षं झाली, सी तिजानींना ऐकू येईनासं झालं होतं. डावा कान वयोमानाप्रमाणे होता; उजवा सेवानिवृत्त झाला होता. हम्मा विचारायचा, “साखर किती?” आणि ते म्हणायचे, “अल्ला त्याला क्षमा करो.” शेवटी सप्टेंबराच्या मध्यावर त्यांची लेक सोंदुस स्फॅक्स शहरातून आली, बापाला डॉक्टरकडे घेऊन गेली आणि उजव्या कानामागे वालाच्या दाण्याएवढं यंत्र बसवून आणलं. सी तिजानींनी एकच अट घातली: गावाला कळता कामा नये. त्यांनी आपली लाल लोकरी टोपी उजव्या बाजूनं अर्धा बोट खाली ओढली आणि चहाला आले.

त्या पहिल्या संध्याकाळी तुरा उजव्या कानावरच होता. पण त्या यंत्राला शेजारी खपत नाही. तुरा जवळ आला की ते शिट्टी घालतं. हम्मानं दोन वेळा किटली विस्तवावरून उतरवली. बशीर म्हणाला, “पिंजऱ्यातला पक्षी आजारी आहे का रे?” सगळ्यांनी छताला टांगलेल्या पिंजऱ्याकडं पाहिलं. सी तिजानींनीही पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुरा डावीकडे हलवला. शिट्टी थांबली आणि एवढ्या समाधानात बाकीचं डोक्यातून निघून गेलं. पासष्ट वर्षं या गावात राहिलेला माणूस, ज्यानं अर्ध्या गावाची लग्नं स्वतःच्या हातानं नोंदली, तो हे विसरला. अशी चूक करायला इथंच जन्मावं लागतं.

तर मुंगीला फुंकर घालून ते खाली बसल्यावर कुजबुज सुरू झाली आणि नव्या यंत्रामुळे ती त्यांना लख्ख ऐकू आली.

“तिजानीनं कान बदलला.”

“पाच वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत.”

“कोण असेल रे?”

सी तिजानी खुलासा करायला उठले. तोंड उघडलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की खुलासा करायचा तर टोपी काढावी लागणार. गावासमोर दोनच तिजानी ठेवता येत होते: एक नवरी शोधणारा आणि एक बहिरा. त्यांनी उभ्याउभ्या विचार केला.

“आज चहा छान झालाय,” ते म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाज्जा मनूबिया खजुराच्या वड्यांनी भरलेली परात घेऊन त्यांच्या दारात हजर. या बाईनं गावात साठ लग्नं जमवली आहेत. त्यातली चाळीस तिला अजून शिव्या देतात. उरलेल्यांना सवड नाही.

“पोरा, वेळेवर शुद्धीवर आलास,” बसता बसता ती म्हणाली. “माझ्याकडे तीन आहेत. पहिली शांत, जाडजूड, दात स्वतःचे. पंचावन्नची आहे.”

“साठ,” सी तिजानी म्हणाले.

“आँ?”

“गव्हाच्या कापणीत जन्मली. तिच्या दाखल्याची नक्कल माझ्या हातून गेलीय. साठ.”

“बरं. दुसरी बावन्नची.”

“तिच्या धाकट्या भावाला सत्तावन्न चालू आहे, हाज्जा.”

हाज्जानं परात आपल्याकडे ओढून घेतली. “हे बघ, गावातल्या झाडून सगळ्या बायांची खरी वयं माहीत असलेल्या पुरुषाचं लग्न जमवायचं म्हणजे माझी कबर खणणं आहे. तोंड बंद ठेवायला शीक. मी पुन्हा येईन.”

दुपारपर्यंत सोंदुसचा फोन. “बाबा, मला परक्यांकडून कळावं?”

“काही नाहीय गं. यंत्र शिट्टी मारतं म्हणून डावीकडे घातला तुरा.”

“मग सांगा ना तसं.”

“काय सांगू? तुझा बाप बहिरा आहे म्हणून?”

“नवरदेव चालतो, बहिरा चालत नाही?”

“नवरदेव व्हायला ऐकू यावं लागत नाही,” सी तिजानी म्हणाले. “उलट.”

लेक खो खो हसली. मग म्हणाली, “कुणी असलं तरी माझी हरकत नाही हो, बाबा.” त्यांनी ते स्वच्छ ऐकलं आणि ऐकू न आल्यासारखं करून फोन ठेवला. यंत्र असण्याचा हा एक फायदा त्यांना नुकताच समजला होता.

आता शेजारची गोष्ट सांगायला हवी. जाई सी तिजानींची, पण अंजीर भिंतीपलीकडच्या लल्ला दलेंदांचं. सुती दोराही त्यांचाच. ‘लल्ला’ म्हणजे बायकांचा ‘सी’. लल्ला दलेंदा नवऱ्या मुलींच्या कपड्यांवर जरीचं भरतकाम करतात. अकरा वर्षांपूर्वी विधवा झाल्या. त्यांच्या सुईला टोक आहे, आणि सुई हातात नसली तरी ते टोक जात नाही. पाच वर्षं रोज दुपारच्या नमाजानंतर त्या भिंतीवरून दोन पानं आणि हातभर दोरा देत. सी तिजानी तुरे बांधत आणि एक तुरा भिंतीवरून परत जाई. मधे दहा मिनिटं गप्पा. म्हणजे लल्ला बोलत. गेली दोन वर्षं सी तिजानींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते मान डोलवत, आणि वाक्य संपलंसं वाटलं, की खिडकीतलं जुनं उत्तर देत: “पावसानंतर, इन्शाल्ला.” हे उत्तर जगातल्या बहुतेक प्रश्नांना बसतं.

यंत्र आणल्याच्या दुपारी ते जाईला पाणी घालत होते आणि त्यांना गाणं ऐकू आलं. शिवणयंत्राच्या खटखटीवर, एक ओळ सोडून एक ओळ, कारण मधल्या ओळीला तोंडात दोरा असायचा. दोन वर्षं त्यांना वाटत होतं, बाई आता मुकाट्यानं शिवतात. ते ऐकत उभे राहिले. झारी रिकामी झाली, मोगऱ्याचा डबा भरून वाहिला, गुलबासेची सगळी काळी बोंडं वाहत जाऊन मोरीत अडकली.

मग भिंतीवर पानं आली. “जाई यंदा चांगली टिकली,” लल्ला म्हणाल्या.

“टिकली. पण बुडातली पानं पिवळी पडायला लागलीत. तुमच्या अंजिराचंही तेच.”

लल्ला दलेंदांनी डोळे बारीक केले. “आज बरं तुम्ही बोलल्याला उत्तर दिलंत?”

त्या दिवशी गप्पा दहा मिनिटांऐवजी पाऊण तास चालल्या. सी तिजानींना कळलं, की शेजारीण विनोदी आहे. पहिली तीन वर्षं ऐकू येत होतं तेव्हा लक्ष नव्हतं, आणि नंतर हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि दुसऱ्याच दिवशी तो डावा कान!

तिसऱ्या दिवशी भिंतीवर लल्ला नव्हत्या. खिळ्याला एक पिशवी अडकवली होती. आत दोन पानं, हातभर दोरा. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी सी तिजानी स्टुलावर चढले.

“लल्ला दलेंदा!”

“पिशवीत आहेत पानं,” आतून आवाज.

“पानं मिळाली. पण...”

लल्ला बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून. अंगणात पांढऱ्या चादरींवर वर्षाचा कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याचे वळलेले दाणे, वाळत पसरला होता आणि दोरीवर लाल मिरच्यांच्या माळा. “नव्या बाईंच्या घरी अंजीर असलं तर आधी सांगा. म्हणजे मी झाड छाटायला मोकळी.”

“कुठल्या नव्या बाई?”

“हाज्जा मनूबियाच्या परातीतल्या.”

“अहो, तसं नाही, ऐका तरी...”

“ऐकायचं काम माझंच. गेल्या सप्टेंबरात याच भिंतीशी उभी राहून, सगळी लाज गिळून मी तुम्हाला एक विचारलं. तुम्ही उत्तर दिलंत. ते मी वर्षभर पदरात बांधून बसले. आता पुरे.” त्या वळल्या. “आणि स्टुलाचा पाय मोडकाय. पडाल.”

ते पडले.

त्या संध्याकाळी लंगडत माझ्याकडे आले. दार लावून घेतलं, टोपी काढली आणि मला यंत्र दाखवलं. गावात ते पाहणारा मी पहिला. ती शिट्टी किटलीची समजून मी हम्माला नावं ठेवली होती; मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

“मी तिला काय उत्तर दिलं असेल?” त्यांनी विचारलं.

“पावसानंतर, इन्शाल्ला.”

“ते मला माहीत आहे रे! तिनं काय विचारलं असेल?”

आम्ही दोघांनी मिळून यादी केली. भिंतीला चुना लावायचा का? अंजिराची फांदी तोडायची का? शिडी उसनी मिळेल का? प्रत्येकाला ‘पावसानंतर’ चपखल बसत होतं.

“पण चुन्याचं विचारायला कुणी लाज गिळतं का?” मी म्हणालो.

सी तिजानींनी टोपी गुडघ्यावर ठेवली. “नाही,” ते म्हणाले. “चुन्यासाठी नाही.”

“मग सरळ जाऊन विचार तिलाच.”

“विचारायचं म्हणजे सांगावं लागेल, की ऐकूच आलं नव्हतं. दोन वर्षं ती जे जे बोलली, नवऱ्याचं, आजारपणाचं, काय काय, त्यातलं एक अक्षर ऐकलं नाही. नुसती मान हलवली. कुणा बाईला हे सांगायचं?”

“नाही सांगितलंस तर हाज्जा मनूबिया आहेच.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समुद्रावर करडे ढग जमायला लागले होते. सप्टेंबराच्या शेवटी आमच्याकडे एक पाऊस येतो. त्याला म्हातारी माणसं ‘खळी धुणारा’ म्हणतात. तो धान्याची खळी धुतो आणि जाईही धुऊन नेतो. त्यानंतर कळी येते ती एखादी, चुकून. अंजिराची पानं गळतात.

“सात-आठ तुऱ्यांपुरती जाई उरलीय,” सी तिजानी म्हणाले. “मग मे महिन्यापर्यंत मी त्या भिंतीपाशी कुठल्या निमित्तानं जाऊ?”

मी म्हणालो, “चुना.”

पुढच्या आठवड्यात गावानं त्यांना जवळजवळ बोहल्यावर चढवलं. न्हावी फुकट दाढी करायला तयार झाला. बशीर म्हणाला, “मी तुझ्याबरोबर मागणी घालायला येतो, फक्त कुणाकडे ते सांग.” आणि तुरा रोज बारीक होत चालला. तीस कळ्या, बावीस, पंधरा. अंगणात संध्याकाळ मात्र अशी घमघमायची, की रस्त्यानं जाणारा थांबे. सप्टेंबरातली बाग निवृत्त कारकुनासारखी असते: कामाचं काही उरलेलं नसतं, त्यामुळे सुगंध मोकळा सुटतो. सी तिजानींनी गुलबासेचं बी पुडीत भरून ठेवलं. मोगऱ्याचा डबा उन्हात सरकवला. खिळ्यावरची पिशवी रोज येत होती. बोलणं येत नव्हतं. गाणंही बंद होतं; नुसती खटखट. ऐकू येण्याचं यंत्र लावून शांतता ऐकत बसायची, हा प्रकार त्यांना नवीन होता.

शेवटी तो दिवस उजाडला. दुपारी आभाळ जांभळं झालं. सी तिजानींनी जाईवर कळ्या शोधल्या. सात मिळाल्या. चौकटच्या सत्तीएवढ्या. सात काड्या, एक दोरा, एक पान. तुरा बांधून त्यांनी डाव्या कानावर खोचला, तेवढ्यात जमिनीवर पहिला टपोरा थेंब पडला आणि भिंतीपलीकडून लल्ला दलेंदा ओरडल्या, “अगं बाई, माझा कुसकुस!”

यापुढचं मी पाहिलेलं नाही. मला ते दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोन्ही हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून मी त्या खऱ्या मानतो.

वर्षाचा कुसकुस भिजला तर घरात सुतक पडतं. सी तिजानी धावले. गल्लीला वळसा घालून, लंगडत, लल्लांच्या उघड्या दारातून थेट अंगणात. पाच वर्षांत त्या दारातून ते पहिल्यांदाच आत गेले आणि तेही न खाकरता. लल्ला अनवाणी धावत होत्या. दोघांनी चादरींची टोकं धरली, एक, दोन, तीन, चार, आणि आत ओसरीवर नेऊन ठेवल्या. मिरच्यांच्या माळा सी तिजानींनी गळ्यात घालून आणल्या. शेवटची माळ आली तेव्हा पाऊस मोठा झाला होता आणि सी तिजानी दाराच्या उंबऱ्याशी धापा टाकत उभे होते. गळ्यात मिरच्या आणि कानावर जाई. असा नवरदेव हाज्जा मनूबियानंही साठ लग्नांत पाहिला नसेल.

“उपकार झाले,” लल्ला म्हणाल्या. “आता जा. गावानं तुम्हाला माझ्या दारात शिरताना पाहिलंय. तुमच्या तिन्ही नवऱ्या बिथरतील.”

सी तिजानींनी टोपी काढली.

चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या कागदांतल्या चुका शोधल्या. स्वतःची चूक दाखवायची रीत त्यांना माहीत नव्हती. त्यांनी मान डावीकडे कलती केली आणि उजवा कान पुढे केला, जसा कागद खिडकीतून आत सरकवतात.

“हे काय?” लल्लांनी विचारलं.

“यंत्र. याच महिन्यात बसवलंय. तुरा शेजारी ठेवला की शिट्टी वाजते. म्हणून तुरा डावीकडे. बाई-बिई कुणी नाही.” मग एका दमात: “आणि त्याआधी दोन वर्षं मला काही ऐकू येत नव्हतं, लल्ला. तुम्ही बोललात त्यातलं काहीसुद्धा नाही. गेल्या सप्टेंबरातलंही नाही. मी नुसता...”

“पावसानंतर इन्शाल्ला,” लल्ला म्हणाल्या.

“हो.”

लल्ला दलेंदा उंबऱ्यावर बसल्या. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. सी तिजानींना वाटलं, रडताहेत. मग आवाज फुटला. त्या इतक्या हसल्या, की वळचणीचे पारवे उडाले.

“दोन वर्षं!” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “माझ्या गुडघ्याचं सांगितलं, पावसानंतर. जाऊबाई मेल्याचं सांगितलं, पावसानंतर! मला वाटलं, किती धीराचा माणूस आहे.”

“काय विचारलं होतंत?”

“आता कशाला ते?”

“अर्ज आलाय, तर नोंद व्हायला हवी.”

“वर्षभर तुमच्या टेबलावर पडून आहे तो.” त्यांनी भिंतीकडे पाहिलं. जाई या बाजूनं दिसत होती, भिजलेली, खाली वाकलेली. “मी म्हटलं होतं, भिंतीत एक दार काढू या का? मेलं रोज वरून काय द्यायचं-घ्यायचं? दोन माणसं, दोन चुली. एका चुलीत भागेल.”

सी तिजानी पाऊस बघत राहिले. खळी धुणारा पाऊस अंगणात असा पडत होता, की जणू त्याला तारीख देऊन बोलावलं होतं.

“पाऊस तर आलाय,” ते म्हणाले.

लल्ला उठल्या. त्यांनी हात पुढे करून सी तिजानींच्या डाव्या कानावरचा तुरा काढला. सात कळ्यांपैकी चार उमलल्या होत्या. तो लल्लांनी त्यांच्याच उजव्या कानावर खोचला. यंत्रानं शिट्टी घातली, किटलीपेक्षा मोठी. “गप बस रे मेल्या,” लल्ला म्हणाल्या, यंत्र कानामागून अलगद उतरवलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

जग शांत झालं. पावसाच्या आवाजात डावा कानही बुडून गेला. समोर लल्ला दलेंदा बोलत होत्या. बराच वेळ बोलल्या. ओठ हलत होते, डोळे हसत होते. एकदा त्यांनी भिंतीकडे बोट केलं, एकदा आभाळाकडे आणि शेवटी खाली जमिनीकडे, दोनदा. सी तिजानींचा ऊर भरून आला. नोंद दुरुस्त झाली होती. विधुर माणसाच्या उजव्या कानावर जाई होती, आणि यावेळी ती खोटी नव्हती. असं मोठं काही कुणी आपल्याला सांगत असताना नुसती मान हलवायची नाही, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी तुरा काढून हातात धरला, यंत्र कानामागे बसवलं, घसा साफ केला.

“लल्ला दलेंदा, यंत्र नव्हतं. शेवटचं तेवढं पुन्हा सांगता?”

“सांगते की,” लल्ला म्हणाल्या. “मघापासून माझ्या चपलेवर उभे आहात. जरा पाय काढता का?”